कलापथक, प्रकल्प आणि आपण

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय लांबलचक आहे: ‘आंतरराष्ट्रीय विकासक्षेत्र, स्त्रियांचे हक्क आणि लोककला यांतली कारकीर्द’. कारकीर्द म्हटलं की मला पेशवे आठवतात. आमच्या वेळी हा शब्द कुणी वापरत नव्हतं. आम्ही ‘काम’ म्हणायचो. ‘तू काय करतेस?’ ‘बायकांमध्ये काम करते.’ यावर समोरचा माणूस जरा वेळ गप्प बसायचा आणि मग विचारायचा, ‘ते ठीक, पण नोकरी कुठं?’

तरीही विषय टाळण्यासारखा नाही. समोर समाजकार्य महाविद्यालयातल्या मुली बसल्या आहेत. त्यांचा प्रश्न सरळ आहे. या कामावर पोट भरतं का, आणि भरलं तर काम काम राहतं का? शिवाय आपल्या कलापथकापुढे एक प्रस्ताव आलेला आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे. तीन तालुक्यांत चाळीस प्रयोग करायचे. पैसे एका कंपनीचे, व्यवस्था मुंबईच्या एका संस्थेची, आणि संहिता त्यांनीच लिहून आणलेली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले, तेव्हापासून असे प्रस्ताव वाढले. रविवारच्या बैठकीत आपल्याला हो किंवा नाही म्हणायचं आहे. म्हणून मी आज हवेत बोलणार नाही, त्या प्रस्तावाकडे बघतच बोलणार आहे.

गाण्यातून आणि नाटकातून माणसांना जागं करणं ही काही परदेशातून आलेली पद्धत नाही. आपल्याकडे सत्यशोधक जलसे झाले. त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले, आणि त्यांत आपल्या नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा नावाजलेला होता. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक तर गावोगाव गात फिरले. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात बायकाही होत्या. पण जलशाच्या फडात बाईचं पात्र पुरुषच करायचा. बाईची व्यथा सांगायची ती पुरुषाने लुगडं नेसून. तिकडे पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा होतो, त्यातही देवीचा मुखवटा पुरुषाच्याच तोंडावर. मी हे दोष द्यायला सांगत नाही. त्या माणसांनी फार मोठं काम केलं. पण आपण कुठून सुरुवात केली ते लक्षात असावं.

म्हणूनच १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ‘मुलगी झाली हो’ आणलं, तेव्हा काहीतरी वेगळं घडलं. ज्योती म्हापसेकरांनी ते लिहिलं. पडदा नाही, नेपथ्य नाही. बायकांचा मेळा उभा राहतो, गातो, त्यातलीच एक सासू होते, एक सून होते, एक डॉक्टर होते. मुलगी जन्मल्याबरोबर घरातले चेहरे कसे पडतात, तिथपासून तिच्या आयुष्याचा पट उलगडतो. करणाऱ्या बायका नट्या नव्हत्या. दिवसा नोकरी, घर, मुलं, आणि संध्याकाळी तालीम. या नाटकाचे तीन हजारांवर प्रयोग झाले आणि ते इतर भाषांतही गेलं. एवढे प्रयोग कुठल्याही प्रकल्पाच्या उद्दिष्टात बसवून झाले नसते. ज्या गावात प्रयोग व्हायचा त्या गावातल्या बायका पुढच्या गावाला सांगायच्या, म्हणून ते झाले.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. म्हापसेकर पेशाने ग्रंथपाल. त्यांचं घर ग्रंथालयाच्या पगारावर चालत होतं, नाटकावर नाही. त्यामुळे ‘हा प्रसंग काढा, हे गाणं घाला’ असं सांगणारा कुणी धनी त्यांच्या डोक्यावर नव्हता. पुढे याच संघटनेने १९९८ च्या सुमारास कचरावेचक बायकांबरोबर ‘परिसर विकास’चं काम उभं केलं. नाटकवाल्या बायका कचऱ्याकडे कशा वळल्या, असं काहीजण विचारत. मला त्यात नवल वाटत नाही. वस्तीत जाऊन बायकांचं ऐकायची सवय लागली, की त्या काय सांगतात ते ऐकावंच लागतं, आणि त्या हुंड्याबद्दल जेवढं बोलतात तेवढंच मजुरीबद्दल, पाण्याबद्दल, संडासाबद्दल बोलतात.

याच्या उलट वाट कमला भसीन यांची. त्या जर्मनीत शिकल्या, परत येऊन उदयपूरकडच्या खेड्यांत काम केलं, आणि १९७६ पासून पंचवीसेक वर्षं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत नोकरी केली. म्हणजे ज्याला मुली आज ‘आंतरराष्ट्रीय विकासक्षेत्र’ म्हणतात, त्याच्या अगदी आत. आणि तिथे बसून या बाईने गाणी लिहिली, लोकगीतांच्या चालींवर, कुणालाही लगेच म्हणता येतील अशी. पाकिस्तानातल्या मैत्रिणींकडून ऐकलेली आझादीची घोषणा त्यांनी आपल्याकडे आणली. २०२१ साली त्या गेल्या. महाराष्ट्रातल्या शिबिरांत त्यांची गाणी म्हणणाऱ्या कितीतरी जणींना त्या कुठल्या कचेरीत नोकरीला होत्या हे माहीत नसेल. माहीत असण्याचं कारणही नाही. संयुक्त राष्ट्रांची नोकरी आहे म्हणून गाणं चांगलं होत नाही, आणि वाईटही होत नाही. प्रश्न असा की गाणं नोकरीच्या चौकटीत बसवायचा हट्ट कुणी धरला होता का?

आणखी एक कारकीर्द सांगते, ती पुरुषाची आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आले. पुढे शेतकरी संघटना, १९८० चं कांद्याचं आंदोलन, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. (एखाद्या बाईने बर्नची नोकरी सोडून खडकाळ जमीन घेतली असती तर लोकांनी तिला द्रष्टी म्हटलं असतं की वेडी, हे तुम्हीच ठरवा.) त्यांची सगळी मतं मला पटत नाहीत. पण नोव्हेंबर १९८६ मध्ये आपल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं आणि लाखाच्या वर बायका आल्या, ही गोष्ट कुणाला नाकारता येणार नाही. त्यातून पुढे १९९० साली लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. गावातल्या शंभर शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावे करायचा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. सात-बाऱ्यावर नाव, एवढी साधी बाब. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात आला तो १९९४ साली, आणि देशभर २००५ साली. चांदवडच्या बायका कुणाच्या आधी होत्या ते बघा.

मग १९९५ ची बीजिंगची परिषद झाली. त्याआधी मेक्सिको आणि नैरोबीही झाल्या होत्या, पण बीजिंगनंतर ‘जेंडर’ हा शब्द प्रत्येक सरकारी आणि परदेशी कागदावर आला. त्याचा फायदा झाला, हे मी मोकळेपणाने मान्य करते. ज्या अधिकाऱ्याने आम्हाला कचेरीबाहेर ताटकळत ठेवलं असतं, त्यालाच आता जेंडरचं प्रशिक्षण भरवायचं होतं आणि त्यासाठी आम्ही हव्या होतो. बायकांना या क्षेत्रात पगारी जागा मिळाल्या. मलाही मिळाली. अकरा वर्षं मी परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेत प्रशिक्षक होते. त्या पगारावर माझ्या मुलीचं शिक्षण झालं, तेव्हा त्या पैशाला नावं ठेवण्याचा कोतेपणा मी करणार नाही.

पण तिथे गाण्याचं काय झालं ते सांगते. प्रकल्पाच्या तक्त्यात प्रत्येक गोष्टीला रकाना असतो. उद्दिष्ट, कृती, फलित, पुरावा. गाणी आणि नाटकं गेली ‘प्रसिद्धी साहित्य’ या रकान्यात, भिंतीवरच्या पोस्टरच्या शेजारी. पोस्टर छापून झालं की त्यात बदल करता येत नाही. नाटकाचंही तसंच व्हावं, अशी अपेक्षा होती.

विसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. दिंडोरीकडे द्राक्षबागांवर सुरगाणा-पेठची कुटुंबं मजुरीला येतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पुढची कामं सुरू होतात. घडांची विरळणी बहुतेक बायकाच करतात, हात वर करून, हातात कात्री, दिवसभर. मान आणि खांदे भरून येतात. त्या मजुरांच्या वस्तीवर आमचा प्रयोग होता. विषय वरून आलेला: हात धुण्याचं महत्त्व. आम्ही सात जणी. नाटक झालं, टाळ्या झाल्या. मग नेहमीप्रमाणे आम्ही डफ खाली ठेवून त्यांच्यातच बसलो. एक बाई म्हणाली, ‘बाई, हात धुवायचं खरं, पण पाणी कुठलं घ्यायचं? बागेतल्या टाकीला हात लावला की मुकादम ओरडतो. आणि टाकीत औषध कालवलेलं असतं ते वेगळंच.’ दुसरी म्हणाली, ‘पाळी आली की काय करायचं ते पण नाटकात सांगा.’ मग मजुरी निघाली, पुरुषाला किती, बाईला किती. दीड तास बायका बोलत होत्या. मूळ प्रयोग वीस मिनिटांचा होता.

पुढच्या वस्तीवर आम्ही नाटकात मुकादम घातला आणि औषधाची टाकी घातली. बायका हसल्या, आणि मग त्यांच्यात जी चर्चा झाली ती आधीपेक्षाही तिखट झाली. तिसऱ्या प्रयोगाला पैसे देणाऱ्यांकडचे एक गृहस्थ पाहणीला आले. त्यांनी अहवालात लिहिलं की प्रयोग ठरलेल्या संदेशापासून भरकटला. पुढचा हप्ता अडला. सात जणींचे पैसे पाच महिने मिळाले नाहीत. माझा पगार मात्र पहिल्या तारखेला होत राहिला, कारण तो वेगळ्या रकान्यात होता. त्या संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण हे एकाच संस्थेत होतं असं नाही. रचनाच तशी आहे. कचेरीत बसून नाटकाबद्दल लिहिणारीला पगार, आणि नाटक करणारीला चहा, वडापाव, एसटीचं तिकीट आणि ‘मानधन’.

या मानधन शब्दाचा मला फार राग आहे. अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली. सेविकेला वेतन नाही, मानधन. आशा आली, तिलाही तेच. वेतन म्हटलं की ती कामगार ठरते, मग भविष्य निर्वाह निधी आला, रजा आली. मानधन म्हटलं की ती समाजसेविका. अंगणवाडीच्या बायका मोर्चे काढून काढून थकल्या, तेव्हा कुठे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं लागली. कलापथकातल्या बाईला तर अजून कामगार म्हणायलाच कुणी तयार नाही.

आपल्या दिंडोरीच्या टाकीसारखीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर केनियात घडली होती. तिथे कामिरीथू नावाच्या गावी १९७७ साली गावकऱ्यांनी आपल्या हातांनी उघडं नाट्यगृह बांधलं. लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी दुसऱ्या एका लेखकाबरोबर गिकुयू भाषेत नाटक लिहून दिलं. तालमी सगळ्या गावासमोर चालत. मळ्यावरचे मजूर, कारखान्यातले कामगार, शेतकरी बायका मध्येच उठून सांगत की म्हातारा माणूस असं बोलत नाही, मजुरीचा आकडा चुकला, हे वाक्य बदला. लेखकाने ते बदललं. नाटक काही आठवडे तुफान चाललं, मग सरकारने परवाना काढून घेतला, वर्षाच्या अखेरीस न्गुगींना तुरुंगात टाकलं आणि १९८२ मध्ये ते नाट्यगृह जमीनदोस्त केलं. इंग्रजी नाटकं लिहीत होते तोवर त्यांना कुणी हात लावला नव्हता. मजुरांनी स्वतः दुरुस्त केलेलं नाटक मात्र सरकारला चाललं नाही. संहितेत बदल करायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न किती जड आहे ते यावरून कळेल.

आता पैशाकडे येते, कारण मुलींनी तेच विचारलं आहे. परदेशी देणगीचा कायदा २०२० साली बदलला. संस्थेने प्रशासनावर किती खर्च करायचा ती मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. शिवाय एका संस्थेला मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येईनासा झाला. कागदावर हे साधं दिसतं. पण तालुक्याच्या गावातल्या छोट्या महिला मंडळाला परदेशी पैसा थेट कधी मिळतच नव्हता, तो मोठ्या संस्थेमार्फतच यायचा. तो झरा आटला. पुढे २०२५ साली अमेरिकेने आपली परदेशी मदत देणारी यंत्रणाच गुंडाळली, आणि जगभर लोक एका रात्रीत कामावरून गेले. तेव्हा ही कारकीर्द म्हणजे तीन वर्षांचा प्रकल्प, मग दुसरा प्रकल्प, मध्ये सहा महिने घरी, असं धरून चाला. हिशेब शिका. ताळेबंद वाचता आला पाहिजे. इंग्रजीतला प्रस्ताव लिहिता आला पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं, कलापथकातल्या बाईला तो मराठीत वाचून दाखवता आला पाहिजे. नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय कामाला लागू नका. ‘आपलंच काम आहे ना’ असं कुणी म्हणालं तर समजा की पगार उशिरा होणार.

पैसा नसताना काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला. जवळजवळ एकशे ऐंशी किलोमीटर. सुरगाण्याच्या, पेठच्या, दिंडोरीच्या किती बायका त्यात होत्या! पायांना फोड आलेले, डोक्यावर लाल टोपी, आणि मुक्कामावर गाणी, नाच. मागणी होती वनजमिनीच्या पट्ट्यांची. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा आहे. तिथली गाणी कुठल्या रकान्यात नव्हती. पण मी हे उदाहरण देऊन ‘बघा, पैशाशिवायच खरं काम होतं’ असं म्हणणार नाही. असं म्हणणारे लोक सहसा दुसऱ्याच्या पैशाविषयी बोलत असतात. त्या बायकांची आठवडाभराची मजुरी बुडाली होती. ती त्यांनीच सोसली.

म्हणून आपल्यापुढच्या प्रस्तावाबद्दल माझं मत सांगते. काही मैत्रिणी म्हणतात, कंपनीच्या पैशाला हात लावायचा नाही. त्यांचा मुद्दा मला समजतो. पण आपल्या बारा जणींपैकी पाच जणी धुणीभांडी करतात, दोघी सातपूरला कंत्राटावर आहेत. चाळीस प्रयोगांचं काम त्यांच्या दृष्टीने लहान नाही. नको म्हणायचं असेल तर ते त्यांनी म्हणावं, ज्यांचा महिना बँकेतून होतो अशा माझ्यासारखीने नव्हे.

माझं मत घ्या असं आहे. पण करारात लिहून घेऊन. पहिलं म्हणजे प्रयोगानंतरचा तास. प्रस्तावात प्रयोग पंचवीस मिनिटांचा आहे आणि लगेच फोटो. तो तास कामाचा वेळ म्हणून धरला गेला पाहिजे, त्याचे पैसे वेगळे. संहितेत दर पाच प्रयोगांनंतर बदल करायची मुभा पाहिजे, आणि तो बदल आपण करू, मुंबईला विचारून नाही. त्यांनी ‘संदेश’ म्हटलं तर आपण म्हणू, संदेश तुमचा राहील, उत्तर मात्र गावातल्या बायकांचं येईल. ते ऐकायची तयारी नसेल तर मग पोस्टर छापावीत, स्वस्त पडतात. गाणी आपण रचली तर ती आपली राहतील. कंपनीच्या जाहिरातीत आपल्या बायकांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय जाणार नाहीत. पैसे प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात, नवऱ्याच्या नाही. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी गाडीत एक सांभाळणारी बाई हवी, तिचाही रोज त्यात धरायचा.

हे सगळं ते मान्य करतील का? सगळं नाही करणार. प्रयोगानंतरच्या तासावर आणि संहितेवर मात्र मी मागे सरायला तयार नाही. बाकीच्यावर बोलणी करता येतील.

प्रस्तावाच्या झेरॉक्स प्रती मागच्या टेबलावर आहेत. मराठी भाषांतरही जोडलं आहे, दोघी मैत्रिणींनी रात्री जागून ते केलं. सहावं पान आधी काढा. तिथे खर्चाचा तक्ता आहे. संयोजकाचा पगार लिहिलेला आहे, गाडीभाडं लिहिलेलं आहे, बॅनरचे पैसेही आहेत. ‘कलाकार, बारा’ या ओळीपुढे आकडा घातलेला नाही, ‘चर्चेनुसार’ असं म्हटलंय. रविवारी येताना प्रत्येकीने आपापला आकडा लिहून आणायचा आहे. कुणी लाजून कमी लिहू नये. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी बाळूबरोबर निरोप पाठवू नये, स्वतः येऊन सांगावं. बैठक चार वाजता आहे.